नाचणी: वरकस रानातल्या लावणीपासून तव्यावरच्या भाकरीपर्यंत

नाचणी हे एक वर्षायू गवत आहे असं सांगितलं की शहरातल्या पाहुण्यांना गंमत वाटते. तसे भात, गहू, ज्वारी हेही गवतच. पण त्यांचं गवतपण आता कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. नाचणीचं भरतं. तिची रानटी बहीण अजून आमच्या अंगणात, एसटीच्या थांब्यापाशी, गटाराच्या कडेला आपसूक उगवते. महिन्याभराची दोन्ही रोपं शेजारी ठेवली तर नवखा माणूस हमखास फसतो. मीही फसलो होतो. पहिल्या वर्षी बेणताना, म्हणजे तण काढताना, अर्धी ओळ नाचणीच उपटली आणि रानटी गवत मोठ्या मायेने राखलं. काकी बांधावर उभी राहून पोट धरून हसली होती.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी धरली आहे: हिला धान्य म्हणून लाडावू नये, गवत म्हणून वागवावं. बी थोडं टाकावं, जागा मोकळी द्यावी, बेणणी वेळेवर करावी आणि कणसं पिकतील तशी खुडावीत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर ज्यांची दहा-बारा गुंठे वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन नुसती पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. खालचे आकडे दहा गुंठ्यांचे आहेत. आपल्या तुकड्याप्रमाणे कमी-जास्त करून घ्यावेत.

ही कुठली, आणि हिला काय मानवतं

नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, इथिओपिया-युगांडाकडची. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि इथलीच झाली. नाशिक-पालघरकडे नागली, कोल्हापूरकडे नाचणा, कर्नाटकात रागी, उत्तराखंडात मंडुवा, नेपाळात कोदो. शास्त्रीय नाव एल्युसिन कोराकाना. त्यातलं ‘कोराकाना’ हे सिंहली ‘कुरक्कन’वरून आलं. कर्नाटकातल्या ‘इंदाफ’ नावाच्या जाती भारतीय आणि आफ्रिकी वाणांच्या संकरातून निघाल्या, म्हणून इंडियातलं ‘इंद’ आणि आफ्रिकेतलं ‘आफ’. माहेर-सासरची भेट शेवटी झाली म्हणायची.

समुद्रसपाटीपासून हिमालयात दोन हजार मीटरच्या वरपर्यंत ती पिकते. तांबडी, मुरमाड, उथळ जमीन तिला चालते. पाऊस तीन हजार मिलिमीटर पडला तरी चालतो, पण मुळाशी पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. म्हणून जिथे भात लावता येत नाही तो उतार नाचणीचा. उतार असेल तर लावणीच्या ओळी आडव्या घ्याव्यात, वरून खाली नव्हे. वरून खाली घेतलेली ओळ म्हणजे पावसाच्या पाण्याला करून दिलेला पाट.

आमच्याकडे जुन्या वरकसाचा फेर ठरलेला असे. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग हरीक, तीळ किंवा कारळा, आणि नंतर काही वर्षं रान मोकळं सोडायचं. आता तेवढी जमीन कुणाकडे नाही. तरी निदान एक वर्षाआड कुळीथ किंवा कारळा घेतलेला बरा. त्याच तुकड्यात सतत नाचणी घेतली की तिसऱ्या वर्षापासून रान दमल्याचं दिसतं आणि रानटी नाचणी मात्र माजते.

बियाणं

नाचणीचे हजार दाणे तोलले तर जेमतेम अडीच ग्रॅम भरतात. म्हणजे किलोत चार लाख दाणे. दहा गुंठ्यांच्या लावणीला ४०० ते ५०० ग्रॅम बी पुरून उरतं. पेरून घ्यायची असेल तर किलोभर लागतं, पण पेरणीच्या वाटेला जाऊ नका असंच मी म्हणेन. गवतात गवत पेरायचं आणि मग गवत वेचत बसायचं, हा उद्योग कुणी सांगितला आहे?

हळवी जात शंभर-एक दिवसांत हाताशी येते, गरवी चार महिन्यांच्या पुढे जाते. आपल्याकडे कोकण कृषी विद्यापीठाच्या दापोली १, दापोली २, पांढऱ्या दाण्याची दापोली सफेद या जाती आहेत. कोल्हापूरकडे राहुरी विद्यापीठाची फुले नाचणी चालते. कर्नाटकची जीपीयू २८ करपा रोगाला दाद देत नाही म्हणून अनेक जण आणतात. हलकी, उथळ माती असेल तर हळवी किंवा निमगरवीच घ्या. सप्टेंबरअखेर पाऊस पाठ फिरवतो आणि गरवीचे दाणे नेमके तेव्हाच भरत असतात.

बी साध्या पाण्यात टाकून ढवळावं. वर तरंगतं ते काढून कोंबड्यांना घालावं, खाली बसलेलं सावलीत सुकवावं. पेरणीआधी किलोला चार-पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळलं तर रोप मर आणि करपा यांना थोडा आळा बसतो.

तरवा: इथे घाई करणारा वर्षभर पस्तावतो

तरवा म्हणजे रोपवाटिका. दहा गुंठ्यांना तिला पाऊण ते एक गुंठा जागा पुरते. जुनी रीत राबाची. फाल्गुन-चैत्रात टहाळ, पालापाचोळा, शेणकूट आणि वर माती असे थर लावून जागा भाजायची. राखेमुळे रोप जोमदार येतं हे आपण ऐकतो. खरा फायदा मला वेगळाच वाटतो: भाजलेल्या जमिनीतलं तणाचं बी मरतं. तरव्यात नाचणी आणि रानटी गवत ओळखणं जवळजवळ अशक्य. तेव्हा तिथे तण नसणं हीच अर्धी लढाई.

पण राबासाठी झाडं ओरबाडायची आणि पालापाचोळा जाळून टाकायचा हे आता पटत नाही. मी गेली काही वर्षं दुसरा मार्ग धरला आहे. मेच्या मध्यावर वाफा खणून, कुजलेलं शेणखत मिसळून, त्यावर तीन-चार दिवस पाणी मारायचं. आठवड्याभरात तणाची हिरवी लव उठते. ती खुरप्याने वरच्यावर खरवडायची, माती खोल हलवायची नाही. पुन्हा पाणी, पुन्हा खरवडणं. दोन वेळा हे केलं की वाफा बऱ्यापैकी स्वच्छ होतो आणि काडीही पेटवावी लागत नाही.

वाफा मीटरभर रुंद, वीतभर उंच ठेवा. चार-चार बोटांवर उथळ रेघा ओढून बी त्यात विरळ सोडायचं आणि माती नुसती भुरभुरायची. बी बोटाच्या पेराएवढं खोल गेलं तर ते वर येत नाही. एवढ्याशा दाण्यात ताकद ती किती असणार!

आता तारखेचा मुद्दा, कारण सगळ्यांचं इथेच बिघडतं. मृगाचा पाऊस पडला की लोक भाताचा आणि नाचणीचा तरवा एकाच दिवशी टाकतात. पुढे भाताची लावणी सुरू होते, गडीमाणसं तिकडे अडकतात आणि नाचणीला हात लागेपर्यंत जुलैचा शेवट उजाडतो. तोवर रोप दीड महिन्याचं, कांडी धरलेलं, म्हणजे खोडाला पेरं सुटलेलं. नाचणीचं रोप २१ ते २५ दिवसांचं लावलं तर ते फुटवे फोडतं. कांडी धरलेलं लावलं तर फुटव्यांच्या भानगडीत न पडता लहान वयातच एखादं कणीस टाकून मोकळं होतं. तेव्हा भाताची लावणी कधी उरकेल याचा अंदाज घ्या, त्या दिवसापासून २२-२३ दिवस मागे मोजा आणि त्या दिवशी नाचणीचं बी टाका. भाताच्या तरव्यानंतर आठ-दहा दिवसांनी टाकलं म्हणून काही बिघडत नाही. शेजारी विचारतील, विचारू द्या.

लावणी

जमीन उन्हाळ्यात एकदा आणि पावसानंतर एकदा नांगरावी. दहा गुंठ्यांना अर्धा ते एक टन शेणखत मिळालं तर उत्तम. रासायनिक खताची शिफारस साधारण हेक्टरी ६० किलो नत्र, ३० स्फुरद, ३० पालाश अशी धरतात. दहा गुंठ्यांच्या हिशोबाने युरिया १३ किलो, सुपर फॉस्फेट १९ किलो आणि पोटॅश ५ किलो. युरिया अर्धा लावणीला, उरलेला महिन्याभराने बेणणी झाल्यावर. माती तपासून घेतली असेल तर अर्थात तिचंच ऐका. एका वर्षी रोपं पिवळी दिसली म्हणून मी हात सैल सोडून युरिया टाकला. पीक कमरेच्या वर गेलं, हिरवंगार, बघणारे थांबून बघायचे. हस्ताच्या एका सरीत सगळं आडवं झालं आणि जे उभं राहिलं त्यावर करपा आला. काकीचं म्हणणं होतं, “नाचणीला पोटभर वाढू नको रे, ती सुस्तावते.”

दोन ओळींत एक वीत आणि दोन रोपांत चार-पाच बोटं अंतर ठेवा. एका जागी एक किंवा दोनच रोपं, बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नाही. लावून झाल्यावर रान उघडं-बोडकं दिसतं आणि मनात येतं, अजून चार रोपं खोचावीत. खोचू नका. नाचणी गवत आहे, रिकामी जागा ती स्वतः भरते. महिन्याभराने त्याच ओळींमधून जाताना पाय कुठे ठेवावा कळत नाही.

फार उताराच्या जागी ओणवं राहून लावणी होत नाही. तिथे झिमझिम पावसात ओल्या, भुसभुशीत तासात (नांगराच्या सरीत) रोपं नुसती आडवी टाकून मुळाशी मातीचा हात फिरवतात. चार-पाच दिवसांत ती मान वर करतात. मात्र त्या चार दिवसांत ऊन पडलं तर खेळ खल्लास, म्हणून आभाळ बघूनच हे धाडस करावं.

बेणणी आणि रानटी बहीण ओळखण्याची खूण

पहिली बेणणी लावणीनंतर २० ते २५ दिवसांनी, दुसरी त्यापुढे दोन-तीन आठवड्यांनी. ओळीत लावलेलं असेल तर ओळीबाहेरचं सगळं तण, हा पहिला नियम. अडचण ओळीतल्या उपऱ्यांची होते. तिथे रोपाच्या बुडाशी हात घाला. रानटी नाचणीची काडी चपटी लागते, दोन बोटांत धरली तर फिरत नाही, आणि बुडखा पांढुरका, चकचकीत असतो. ठोंब जमिनीला चिकटून चहूकडे पसरलेला असतो, मुळं इतकी घट्ट की उपटताना मातीचं ढेकूळ वर येतं. लागवडीची नाचणी सरळ उभी राहते, काडी जाड आणि पान रुंद असतं. कणसं आली की कुणालाही ओळखता येतं: रानटीची बोटं बारीक, सुतळीसारखी, नाचणीची जाड, पिकताना आत वळून मूठ मिटल्यासारखी होणारी. पण तोवर रानटीने बी सांडलेलं असतं.

रोगांत करपा मुख्य. पानावर होड्यांच्या आकाराचे, मध्ये करडे ठिपके दिसतात. पानावरचा करपा फारसं नुकसान करत नाही. कणसाच्या मानेवर आला की ती काळी पडते आणि वरचं कणीस पोचट राहतं. त्यावेळी हातात काही उरत नाही, म्हणून रोगाला दाद न देणारी जात आणि नत्राचा आवर हेच उपाय खरे. खोडकिडीचा वाळलेला पोंगा (मधला कोंब) दिसला तर उपटून जाळावा. रानडुकरं आणि माकडं यांच्यावर मात्र मला आजवर उपाय सापडलेला नाही. रात्री राखण, एवढंच.

खुडणी आणि वाळवण

नाचणीची सगळी कणसं एका वेळी पिकत नाहीत. मुख्य काडीचं आधी, फुटव्यांची आठ-पंधरा दिवसांनी. कणीस तपकिरी झालं आणि चोळल्यावर दाणा कडक लागला की विळ्याने तेवढंच खुडायचं. दुसरी खुडणी नंतर. त्यानंतर बुडातून कापून पेंढा वेगळा करावा. गुरं तो आवडीने खातात आणि मे महिन्यात त्याची किंमत कळते.

बी धरायचं ते आताच, मळणीच्या आधी. रानाच्या मधल्या भागातली, भरदार, मान निरोगी असलेली वीस-पंचवीस कणसं वेगळी काढून जुडी बांधावी आणि चुलीच्या वर, धुराला लागेल अशी टांगावी.

बाकीची कणसं दोन-तीन दिवस उन्हात घालून मग ढीग करून झाकतात. ढिगात ती थोडी उबतात आणि दाणा सहज सुटतो. इथे माझी मोठी फजिती झाली होती. ऑक्टोबरात अवकाळी पाऊस आला म्हणून ओली कणसं तशीच गोळा करून प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ढीग केला. चौथ्या दिवशी हात घातला तर आत भाजेल इतकं गरम, आंबूस वास आणि दाण्यांना पांढरे मोड. अर्धी नाचणी गुरांपुढेही टाकता आली नाही. पावसात सापडलात तर ढीग करूच नका. पडवीत, माळ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे पातळ पसरा आणि दिवसातून दोनदा हलवा.

वाळली की काठीने झोडायची, सुपाने पाखडायची, चाळायची. वरकसावर गुंठ्याला दहा किलो पदरात पडले तर मी समाधान मानतो. सगळं जमून आलं त्या वर्षी अठरा पडले होते. २०२५-२६च्या खरिपासाठी केंद्राने क्विंटलला ४,८८६ रुपये हमीभाव जाहीर केला होता. मात्र दहा गुंठ्यांचं पीक विकायला बाजारापेक्षा मुंबईतले नातेवाईक बरे.

दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवला तर नाचणीला सहसा किडा लागत नाही, ती वर्षानुवर्षं टिकते. कोकणातल्या घरांत भात संपला की कणगीतली नाचणी दिवस ढकलायची, ते यामुळेच. पीठ मात्र टिकत नाही. पंधरा दिवसांचंच दळा.

खाण्याचं

वरी, राळा, हरीक यांना सालं काढण्यासाठी कांडावं लागतं. नाचणीला टरफल नाही. ओला दाणा बोटांत चोळला तर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटतो, तेवढंच. त्यामुळे ती सालासकट, पीठ करूनच खातात आणि तिच्यातलं सत्त्व वाया जात नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत. पण सगळं अंगी लागत नाही, कारण फायटेट नावाचा घटक ते धरून ठेवतो. मोड आणले किंवा आंबवलं की त्याचा जोर कमी होतो. आपल्या आज्या सत्त्व (मोड आणून केलेलं पीठ) आणि आंबील का करायच्या, याचं एक उत्तर त्यात आहे. मधुमेहींना एक सांगायला हवं: नाचणीत दोन तृतीयांश पिष्टमय पदार्थच आहेत. भाकरी ठीक, पण वाडगाभर पातळ पेज पिऊन साखर वाढणार नाही असं धरून चालू नका.

भाकरीला चिकटपणा नाही, म्हणून उकड काढावी. वाटीभर पाण्याला मिठासह उकळी आली की तेवढंच पीठ घालून, न ढवळता झाकण ठेवून गॅस बंद करा. पाच मिनिटांनी परातीत काढून सोसेल तितक्या गरमपणी मळा. कडा फाटत असतील तर मळणं कमी पडलं आहे. थापून पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची की खाली, यावर घराघरांत वाद आहेत. मी पिठाची बाजू खाली टाकतो, वर पाण्याचा हात फिरवतो, पाणी सुकलं की उलटतो, आणि शेवटी निखाऱ्यावर. सोबत कारळ्याची चटणी.

सत्त्वासाठी किलोभर नाचणी आठ-दहा तास भिजवा, फडक्यात बांधून टांगा. दीड दिवसात मोड तांदळाच्या दाण्याएवढे झाले की थांबवा. लांब झाले तर कडवटपणा येतो. सावलीत कडकडीत वाळवून, हाताने चोळून मुळं झाडायची, मंद भाजून दळायचं आणि वस्त्रगाळ करायचं. पावसाळ्यात फडकं बुळबुळीत लागलं किंवा कुबट वास आला तर सगळं फेकून द्या. भाजलं की जाईल, असं म्हणून सहा महिन्यांपुढच्या बाळाला ते भरवू नका.

आंबील सगळ्यांत सोपी. रात्री चार चमचे पीठ दोन वाट्या पाण्यात कालवून मातीच्या मडक्यात ठेवा. सकाळी आंबूस वास आला की चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून, गुठळी होऊ न देता दहा मिनिटं शिजवा. मग ती पूर्ण गार होऊ द्या. ताक, ठेचलेला लसूण आणि मीठ त्यानंतरच घालायचं. गरम आंबिलीत ताक गेलं की ते फुटतं आणि वरती नुसतं पाणी तरंगतं.